पाकिटाचं रूप आपल्या नावावर कसं करायचं: छोट्या उद्योगासाठी ट्रेड ड्रेसची तयारी, टप्प्याटप्प्याने

मसाल्याचं, चिवड्याचं, काकवीचं छोटं युनिट चालवणारी माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा दोन पाकिटं घेऊन. एक स्वतःचं, दुसरं नक्कल करणाऱ्याचं. दुसऱ्यावरचं नाव वेगळं असतं, पण लाल जमीन तीच, वरचा सोनेरी पट्टा तोच, मिरच्यांची परडीसुद्धा त्याच कोपऱ्यात. "आमचं नाव रजिस्टर आहे, याला थांबवा," ते म्हणतात. मग सांगावं लागतं की रजिस्टर झालंय ते फक्त नाव. नक्कल झालीय पाकिटाची, आणि ते पाकीट कागदोपत्री कुणाचंच नाही. कधीकधी तर ते डिझाइनरचं निघतं.

पाकीट, डबा, बरणी, दुकानाची मांडणी यांचं जे एकूण रूप बघून गिऱ्हाईक माल ओळखतं, त्याला कायद्याच्या बोलीत ट्रेड ड्रेस म्हणतात. आपल्याकडे त्याचं वेगळं रजिस्टर नाही, 'ट्रेड ड्रेस'चा वेगळा फॉर्मही नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९ मध्ये 'चिन्हा'च्या व्याख्येतच मालाचा आकार, पॅकिंग आणि रंगसंगती येते. शिवाय डिझाइन कायदा २००० आणि कॉपीराइट कायदा १९५७ आहेत. यातलं काहीच केलेलं नसेल तर 'पासिंग ऑफ' उरतं, म्हणजे कुणी स्वतःचा माल आपला म्हणून खपवत असेल तर त्याविरुद्धचा दावा. लोक चुकतात ते क्रमात. आधी छपाई, मग अर्ज, मग मालकीचे कागद आणि भांडण झाल्यावर पुरावा, असा उलटा प्रवास होतो. तो सरळ कसा करायचा ते खाली लिहिलंय.

टप्पा १: नेमकं काय राखायचंय ते एका वाक्यात लिहा

"आमचं पाकीटच वेगळं आहे" एवढ्याने कुठेच काही सिद्ध होत नाही. पाकीट टेबलावर ठेवा, नावावर कागद चिकटवा आणि रोजच्या चार-पाच गिऱ्हाइकांना दहा फुटांवरून दाखवा. कशावरून ओळखलं ते विचारा. उत्तरं लिहून घ्या. आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यात जे राहतं, त्यात बऱ्याचदा मोठा फरक असतो.

मग पाकिटावरच्या प्रत्येक गोष्टीची यादी करा आणि तीन प्रकारच्या गोष्टींवर काट मारा.

पहिला प्रकार, कायद्याने छापावीच लागते ती माहिती: शाकाहाराची हिरवी खूण, एफएसएसएआय क्रमांक, एमआरपी, वजन, उत्पादकाचा पत्ता. दुसरा, त्या धंद्यात सगळेच वापरतात ते: तिखटाला लाल, हळदीला पिवळा, धण्याला हिरवा, आणि वाटीभर रश्श्याचा फोटो. तिसरा, कामाची सोय: झिप, तोटी, आतला माल दिसावा म्हणून ठेवलेली खिडकी, पकडायला सोपी जावी म्हणून दिलेली बाटलीची खाच. तांत्रिक उपयोगासाठीच लागणारा आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, हे ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९(३) मध्ये स्पष्ट आहे.

उरेल त्याचं वाक्य करा. उदाहरणार्थ: "गडद वांगी रंगाचं पाकीट, खालच्या एक तृतीयांश भागात पिवळा तिरका पट्टा, आणि पट्ट्याच्या वरच्या टोकाला पाट्यावर वरवंटा धरलेल्या दोन हातांचं रेखाचित्र." यात रंग आहे, प्रमाण आहे, जागा आहे. कोलगेट आणि अँकर यांच्यातल्या दंतमंजनाच्या खटल्यात (दिल्ली उच्च न्यायालय, २००३) दावा नुसत्या लाल-पांढऱ्याचा नव्हता. एक तृतीयांश लाल, दोन तृतीयांश पांढरा, त्याच क्रमाने, असा होता. आपलंही वाक्य तेवढं नेमकं हवं.

आकाराबाबतीतही हाच विचार. गोर्बात्शोव व्होडकाच्या बाटलीचा खटला मुंबई उच्च न्यायालयात २०११ मध्ये झाला. रशियन घुमटासारख्या त्या आकाराचा आतल्या पेयाशी किंवा बाटलीच्या उपयोगाशी काही संबंध नव्हता, तो कल्पनेतून आला होता, हीच गोष्ट मालकाच्या बाजूने भक्कम ठरली.

इशारा: एकट्या रंगावर हक्क सांगायच्या भरीला पडू नका. काट मारून काहीच उरलं नाही, तर अर्ज थांबवा आणि पाकीट नव्याने आखा. ते आज स्वस्त पडतं.

टप्पा २: बाजार आणि रजिस्टर, दोन्ही धुंडाळा

पुण्याच्या रविवार पेठेत, मुंबईच्या मशीद बंदरला किंवा आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेत जा आणि आपल्या प्रकारच्या मालाची पंधरा-वीस वेगवेगळी पाकिटं विकत आणा. भिंतीशी ओळीने मांडा, मध्ये आपलं ठेवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा. आपलं शोधावं लागलं तर वेगळेपण अजून आलेलं नाही.

त्यानंतर ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर मोफत सार्वजनिक शोध घ्या. नव्वद टक्के लोक फक्त नाव टाकून बघतात, असं माझं निरीक्षण आहे. चित्रं आणि लेबलं व्हिएन्ना कोडने शोधायची असतात. प्रत्येक चित्रप्रकाराला तिथे आकडा आहे. आकडा सापडत नसेल तर आपल्यासारखं चित्र असलेल्या एखाद्या नोंदलेल्या चिन्हाचं पान उघडा, त्यावरचा कोड घ्या आणि त्याने शोधा. आपल्या वर्गाबरोबर (वर्ग म्हणजे माल आणि सेवांचे क्रमांक दिलेले गट) शेजारचे वर्गही बघा: मसाले वर्ग ३० मध्ये येतात, लोणची वर्ग २९ मध्ये, दुकानाची विक्रीसेवा ३५ मध्ये आणि हॉटेल-खानावळ ४३ मध्ये.

तपासा: मिळतीजुळती रंगसंगती आणि मांडणी दोन जुन्या पाकिटांवर दिसली, तर छपाईचे सिलिंडर (रंग उमटवणारे कोरलेले रोलर) बनवण्याआधीच बदला. पाऊचच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, आणि नंतरचा बदल म्हणजे तो सगळा खर्च पुन्हा.

टप्पा ३: मालकी लिहून घ्या

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि सगळ्यात जास्त त्रास याच टप्प्यावर होतो.

लेबलचं चित्र म्हणजे कॉपीराइट कायद्याच्या भाषेत कलाकृती, आणि तिची पहिली मालकी साधारणपणे ती काढणाऱ्याची. तुमच्या पगारावरच्या माणसाने कामाचा भाग म्हणून काढली असेल तर ती तुमची. पण बाहेरच्या फ्रीलान्स डिझाइनरला पैसे दिले, बिल घेतलं, एवढ्याने हक्क तुमच्याकडे येत नाहीत. त्यासाठी हस्तांतराचा लेखी करार लागतो आणि त्यावर हक्क देणाऱ्याची सही लागते. करारात तीन गोष्टी नावानिशी लिहा. मुदत, कारण ती लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो. प्रदेश, कारण तो लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. आखातात किंवा अमेरिकेतल्या मराठी मंडळींना माल पाठवणाऱ्यांनी "संपूर्ण जग" असंच लिहावं. आणि हक्क वर्षभर वापरला नाही तरी हस्तांतर रद्द होणार नाही, हे कलम. ते नसेल तर वर्षभराने हक्क परत जाऊ शकतो.

कोरलड्रॉची ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, त्याच दिवशी ताब्यात घ्या. आणि चित्र कुठून आणलं ते विचारा. फुकट चित्रांच्या साइटवरची मिरची उद्या कोल्हापूरपासून कणकवलीपर्यंत कुणाच्याही पाकिटावर दिसू शकते, आणि तुम्ही तिला अडवू शकत नाही. मुख्य चित्र हाताने काढून घ्या, असं मी आग्रहाने सांगतो.

नंतर प्रिंटर. सिलिंडर त्याच्या गोदामात असतात. ते कुणाच्या मालकीचे आहेत, दुसऱ्यासाठी त्यावर छपाई होणार नाही, वाया गेलेला रोल नष्ट केला जाईल, एवढं एका पत्रावर सही-शिक्क्यानिशी घ्या. नकली पाकीट कुठे छापलं याचा माग काढताना ते मूळ मालकाच्याच प्रिंटरकडून निघाल्याचं मी पाहिलं आहे. त्या मालकाकडे पत्र नव्हतं, आणि प्रिंटर म्हणाला, "ऑर्डर आली, छापली."

टप्पा ४: पुराव्याची पेटी पहिल्या दिवशी सुरू करा

रंगसंगती किंवा मांडणी जन्मतः फारशी वेगळी नसेल, तर वापराने ती तुमची ओळख झाली हे दाखवावं लागतं. ते दाखवायला काळ लागतो आणि कागद लागतात. आयटीसी आणि ब्रिटानियाचा डायजेस्टिव्ह बिस्किटांचा वाद इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. पिवळ्या-निळ्या पाकिटावरून आयटीसीला २०१६ मध्ये मनाईहुकूम मिळाला. मार्च २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो उठवला. पाकीट बाजारात येऊन जेमतेम काही महिने झाले होते, तेवढ्यात ती रंगसंगती आयटीसीचीच अशी लोकांच्या मनात बसली असं म्हणता येणार नाही, हा मुद्दा निर्णायक ठरला. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत हे झालं, तर आपल्या सहा महिन्यांच्या पाकिटाचं काय होईल ते बघा.

सगळ्यात नेहमीची चूक बिलांची. लोक दहा वर्षांची जीएसटी बिलं आणतात, त्यांवर लिहिलेलं असतं "मसाला २०० ग्रॅम, ५० नग". त्यातून विक्री दिसते, पाकीट कसं होतं ते दिसत नाही. म्हणून बिल आणि रूप यांची सांगड घाला:

- प्रत्येक नव्या छपाईचं प्रिंटरचं बिल, सोबत मंजूर केलेला प्रूफ, त्यावर तारीख आणि सही.
- त्या लॉटची पाच न फोडलेली पाकिटं, वर्ष लिहून ठेवलेली.
- दुकानाच्या फळीवर माल मांडलेला असतानाचे फोटो, मूळ फाइलसह. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत मूळ तारखेची माहिती राहत नाही.
- जाहिरात, प्रदर्शनातला स्टॉल, कॅलेंडर, टेम्पोवरचं चित्र. जिथे पाकीट दिसतं ते सगळं, खर्चाच्या बिलासह.
- दरवर्षी सीएकडून विक्री आणि जाहिरातखर्चाचा दाखला.

डिजिटल फोटो कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन किंवा मेमरी कार्ड जपून ठेवलं तर ते देणं सोपं जातं.

टप्पा ५: कोणता कायदा आधी, ते ठरवा

बरणीचा किंवा खोक्याचा आकार नवा असेल तर डिझाइन नोंदणी सगळ्यात आधी. ती नवेपणावर मिळते, आणि माल बाजारात आला, फेसबुकवर फोटो टाकला की नवेपण संपतं. संरक्षण दहा वर्षं, पुढे पाच वर्षं वाढवून एकूण पंधरा.

इशारा: प्रदर्शनात "लवकरच येत आहे" म्हणून नवी बरणी मांडायची आणि महिन्याने डिझाइनचा अर्ज करायचा, असं करू नका.

पाकिटाची सपाट मांडणी, रंग, चित्र यांसाठी ट्रेडमार्क. तो दहा-दहा वर्षांनी नूतनीकरण करत कायम ठेवता येतो. कॉपीराइट नोंदणीशिवायही असतोच. नोंदवायचा असेल तर मालावर वापरल्या जाणाऱ्या चित्रासाठी आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीचा दाखला लागतो.

खानावळ, कॅफे किंवा दुकानाच्या दर्शनी रूपासाठीही ट्रेडमार्कचीच वाट. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीचं चित्र २०१७ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदलं गेलं आहे. छोट्या खानावळीने मात्र आधी पाटी आणि दर्शनी भाग नोंदवावा, आतल्या मांडणीच्या मागे नंतर लागावं. आतली मांडणी दर दोन-तीन वर्षांनी बदलते.

टप्पा ६: अर्ज भरताना

फॉर्म टीएम-ए. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईची रजिस्ट्री. अर्ज ऑनलाइन करा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. लघुउद्योगाची सवलत घ्यायची तर उद्यम प्रमाणपत्र त्याच अर्जदाराच्या नावाचं हवं. प्रमाणपत्र पत्नीच्या नावाने आणि अर्ज पतीच्या नावाने, हे चालत नाही.

१. अर्ज किती? माझं मत ठाम आहे: किमान दोन. एक नुसत्या नावाचा, दुसरा रंगीत लेबलचा. एकाचेच पैसे असतील, तर नाव वेगळं आणि खास असल्यास नावाचा करा. नाव "अस्सल कोल्हापुरी मसाला" असं वर्णनाचंच असेल तर लेबलचा करा, कारण तसलं नाव एकट्याला मिळणं अवघड.

२. रंग. काळ्या-पांढऱ्यात नोंदवलेलं लेबल सगळ्या रंगांसाठी नोंदलं असं मानतात, म्हणून बरेच सल्लागार तसं करायला सांगतात. पण आपली ओळखच रंगावर उभी असेल, तर रंगीत अर्ज करा आणि रंगसंगतीचा दावा शब्दांत लिहा. टप्पा १ मधलं वाक्य इथे कामी येतं.

३. चित्र. आठ बाय आठ सेंटिमीटरच्या आत, स्वच्छ. टप्पा १ मध्ये काट मारलेलं एमआरपी, वजन, क्रमांक यातून काढून टाका. आकार किंवा पॅकिंगचा आकार मागत असाल तर किमान पाच बाजूंनी चित्रं आणि शब्दांत वर्णन द्या.

४. भाग आणि पूर्ण. लेबल नोंदलं म्हणजे ते अख्खं नोंदलं. त्यातल्या एकेका तुकड्यावर वेगळा हक्क येत नाही. पाटा-वरवंट्याचं चित्रच तुमची खूण असेल तर त्याचा स्वतंत्र अर्ज.

५. वापराची तारीख. माल विकत असताना "वापरण्याचा प्रस्ताव" या रकान्यावर खूण केली तर आधीपासूनच्या वापराचा फायदा हातचा जातो. आणि दुकान १९८७ चं असलं तरी हे लेबल २०१९ चं असेल, तर तारीख २०१९ चीच टाका. सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे द्यावे लागतात. तिथे ओढूनताणून जुनी केलेली तारीख पुढे सगळा दावा खिळखिळा करते.

तपासा: अर्जातला ईमेल तुमचा स्वतःचा आहे ना? सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकल्यामुळे रजिस्ट्रीचा तपासणी अहवाल कुणी वाचलाच नाही आणि अर्ज सोडून दिलेला ठरला, असं फार वेळा घडतं.

टप्पा ७: अर्जानंतर

तपासणी अहवाल आला की उत्तर ३० दिवसांत. "वेगळेपण नाही" असा आक्षेप असेल तर पुराव्याची पेटी उघडा. "आमचं चिन्ह खूप प्रसिद्ध आहे" असं नुसतं लिहून भागत नाही. स्वीकारल्यावर चिन्ह रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापतात आणि त्यानंतर चार महिने कुणीही विरोध करू शकतं. विरोधाची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिउत्तर गेलं नाही, तर अर्ज संपला.

इशारा: नोंदणी होईपर्यंत पाकिटावर फक्त "टीएम" लिहा. वर्तुळातला आर नोंदणीआधी छापणं बेकायदा आहे. दहा हजार पाकिटं छापल्यावर हे कळणं महाग पडतं.

टप्पा ८: दर दिवाळीला चेहरा बदलू नका

नोंदवलेलं रूप आणि बाजारातलं रूप वेगळं झालं की नोंदणीचा उपयोग पातळ होत जातो. सलग पाच वर्षं वापर नसेल तर चिन्ह काढून टाकण्याची मागणी त्याची झळ बसणारा कुणीही करू शकतो. सणाचं पाकीट हवं असेल तर वरून वेगळी पट्टी किंवा बाहेरचा खोका करा, मूळ पाकीट तसंच ठेवा. नवीन चवी आणताना पट्टा, चित्र आणि प्रमाण तेच ठेवून एकच जागा रंग बदलण्यासाठी राखून ठेवा. कायमचा बदल करायचाच असेल तर छपाईआधी नवा अर्ज.

टप्पा ९: नक्कल सापडली तर

पहिल्या दिवशी फोन करून भांडू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर "नकली माल" असं लिहू नका. आधी तो माल बिलासह विकत घ्या, दोन-तीन वेगवेगळ्या दुकानांतून. फळीचे फोटो काढा. चुकून नकली माल नेलेलं गिऱ्हाईक भेटलं तर त्याचं म्हणणं त्याच आठवड्यात लिहून घ्या. दोन महिन्यांनी त्याला काही आठवत नाही.

तुलना करताना दोन पाकिटं शेजारी ठेवून फरक मोजत बसू नका. पार्ले ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हेच सांगितलं: ठळक, मुख्य वैशिष्ट्यं बघायची, दोन्ही वेष्टनं शेजारी ठेवून फरक शोधायचे नाहीत. गिऱ्हाइकाच्या हातात एका वेळी एकच पाकीट असतं, दुसरं आठवणीत. म्हणून वकिलाकडे जाताना साम्यांची यादी न्या: रंग, पट्ट्याची जागा, चित्र, अक्षरांचं वळण.

मग वकिलामार्फत नोटीस. नोंदणी नसताना धमकीची भाषा वापरू नका. निराधार धमकीबद्दल समोरचा ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४२ खाली उलट तुमच्यावर दावा करू शकतो. नोंदणी असेल तर सहसा आपण जिथे धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयातच दावा लावता येतो, आणि ऑनलाइन विक्रीच्या साइटही नोंदणी क्रमांक दिल्यावर तक्रारीची दखल लवकर घेतात. नोंदणी नसेल तर पासिंग ऑफमध्ये बाजारातली पत, समोरच्याने केलेली फसवी बतावणी आणि आपलं नुकसान, तिन्ही दाखवावं लागतं. तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल, तर व्यापारी न्यायालयात दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे.

उशीर करू नका. समोरच्याने आपलं चिन्ह नोंदवून घेतलं आणि त्याचा वापर माहीत असूनही तुम्ही सलग पाच वर्षं गप्प बसलात, तर आधीच्या चिन्हाच्या मालकालाही सहसा तक्रारीचा हक्क उरत नाही.

छोट्या धंद्यांचे बहुतेक वाद नोटिशीनंतर तडजोडीने मिटतात. तडजोड करताना "यापुढे वापरणार नाही" एवढ्या एका ओळीवर सही घेऊन उठू नका. हमीपत्रात शिल्लक पाकिटांचा आकडा, ती नष्ट करण्याची तारीख, दुकानांतून माल परत उचलण्याची जबाबदारी आणि सिलिंडर प्रिंटरकडून तुमच्या माणसासमोर खोडून घेण्याची अट लिहा. खोडलेल्या सिलिंडरचे फोटो काढा आणि तेही पुराव्याच्या पेटीत ठेवा.